सट्ट्याची उधारी आणि सिक्युरिटी क्लिअरन्स: वाचक विचारतात, ताई सांगतात

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो, शिकायला गेला आणि तिकडचाच झाला, आता सिटिझनशिप पण मिळालीय. त्याला डिफेन्सचं काम करणाऱ्या एका कंपनीत चांगला जॉब मिळतोय पण त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स लागते आणि त्याचा भला मोठा फॉर्म भरायचाय. प्रॉब्लेम असा की मधल्या काळात त्याला मोबाईलवर मॅचवर पैसे लावायचा नाद लागला आणि एका कार्डाचं दुसऱ्या कार्डावर, मग पर्सनल लोन असं करत करत जवळपास ३८ हजार डॉलर अंगावर आले, त्यातली दोन कार्डं तर थकलीच आहेत. वहिनीला माहीत नाही, आईबाबांना माहीत नाही, फक्त मला सांगितलंय. आता म्हणतो, बाबांच्या रिटायरमेंटच्या एफडी मोडून पैसे पाठव, मी सगळं क्लिअर करतो आणि फॉर्ममधे जुगाराच्या प्रश्नाला नाही लिहितो, कोणाला कळणार. ताई, कळेल का? आणि खरं लिहिलं तर जॉब जाणारच ना? मी पैसे पाठवू का?
- एक बहीण, डोंबिवली

उत्तर: शेवटचं आधी सांगते कारण ते तुम्हाला आजच ठरवायचंय. आत्ता पैसे पाठवू नका, आणि बाबांच्या नकळत तर अजिबातच पाठवू नका. भावावर माया आहे म्हणूनच हे सांगतेय, पुढे वाचा म्हणजे कळेल.

अमेरिकेत सरकारी गुप्त माहिती हाताळायची परवानगी म्हणजे ही क्लिअरन्स, आणि ती कोणाला द्यायची याचे नियम लपवलेले नाहीत, कोणीही वाचू शकतं. ८ जून २०१७ पासून सगळ्या खात्यांना एकच नियमावली लागू आहे, सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डायरेक्टिव्ह ४, थोडक्यात सीड-४. त्यात ए पासून एम पर्यंत १३ गाईडलाईन्स आहेत, परदेशी संबंध, दारू, ड्रग्ज, गुन्हे वगैरे, आणि तुमच्या भावाचं प्रकरण मुख्यतः एफ मधे येतं, म्हणजे पैशाचे व्यवहार. त्यात जुगार हा शब्द स्पष्ट लिहिलाय. जुगारासाठी किंवा जुगाराची देणी फेडायला कर्ज काढणं हा एक मुद्दा, आणि जुगारातलं नुकसान किंवा त्यावरून घरात झालेली भांडणं लपवून ठेवणं हा दुसरा, वेगळा मुद्दा. नुसतं लपवणं हेसुद्धा स्वतंत्रपणे धरलं जातं हे त्याला नीट समजावून सांगा, कारण तो आत्ता नेमकं तेच करतोय आणि अजून जास्त करायला निघालाय.

एक गैरसमज आधी काढून टाकू. मॅचवर पैसे लावले म्हणून क्लिअरन्स जात नाही. २०१८ साली तिकडच्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या बेटिंगवरचा केंद्राचा अडसर काढला आणि मग एकेका राज्याने ते कायदेशीर केलं, व्हर्जिनियात २०२१ पासून मोबाईलवर उघडपणे चालतं. त्यामुळे त्याने कायदा मोडलाय असं नाही. त्यांना चिंता वेगळी असते, की जो माणूस कर्जात बुडालाय आणि ते कर्ज कोणापासून तरी लपवतोय त्याच्यावर दबाव टाकणं सोपं. हे काही उगाच नाही, सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५ मधे सोव्हिएत लोकांना माहिती विकायला गेला तेव्हा तो कर्जाने बेजार होता, आणि तो पकडला गेला थेट १९९४ ला, तोवर त्याने दिलेल्या नावांमुळे माणसं मारली गेली होती. त्याचं कर्ज जुगाराचं नव्हतं पण पैशाची ओढाताण माणसाला कुठवर नेते हे त्यांनी बघितलंय, म्हणून ते उधारीकडे इतक्या बारकाईने बघतात. तुमचा भाऊ देश विकणारा नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना माहीत नाही, आणि त्याची बायको एकाच घरात राहून अंधारात आहे म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार की उद्या कोणी म्हणालं 'तुझ्या बायकोला सांगू का' तर हा काय करेल.

आता फॉर्म. त्याला एसएफ-८६ म्हणतात. त्याच्या २६ नंबरच्या भागात सरळ विचारलंय की आजवर कधीही जुगारामुळे तुम्हाला पैशाच्या अडचणी आल्या का. हो लिहिलं की पुढे कधीपासून कधीपर्यंत, अंदाजे किती डॉलर हरलात, आणि अडचण सोडवायला काय केलंत हेही लिहायचं असतं. त्याच भागात १२० दिवसांपेक्षा जास्त थकलेली देणीही विचारतात, म्हणजे ती दोन थकलेली कार्डं तिथे येणारच, आणि ती का थकली हा प्रश्न मागोमाग आलाच. नाही लिहिलं तर कळेल का, असं तुम्ही विचारताय. क्रेडिट रिपोर्ट ते काढतातच, चौकशी करणारा माणूस समोर बसून बोलतो, शेजारी, जुने सहकारी यांच्याशीही बोलतो, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर बेटिंगच्या कंपनीचं नाव असेल तर पुढे बोलायलाच नको. शिवाय आता एकदा चौकशी करून पाच-दहा वर्षं गप्प बसायची पद्धत राहिलेली नाही, क्लिअरन्स मिळाल्यावरही रेकॉर्ड सतत तपासलं जातं. म्हणजे आज नाही सापडलं तर दोन वर्षांनी सापडेल, तेव्हा घर घेतलेलं असेल, मूल शाळेत जात असेल.

आणि खोटं सापडलं की प्रकरण एफ मधून उठून ई मधे जातं, ती गाईडलाईन माणसाच्या वागण्याची आणि खरेपणाची. कर्जाचं एफ मधे काहीतरी करता येतं. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलेलं निस्तरणं फार फार कठीण, वर तो केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चुकून काही राहिलं आणि कोणी बोट दाखवायच्या आधी आपणहून जाऊन दुरुस्त केलं तर ते समजून घेतात, पण त्याचं तर आधीच ठरलंय की नाही लिहायचं, त्याला चूक कोण म्हणेल.

खरं लिहिलं तर जॉब जाणारच का? जाणारच असं अजिबात नाही, आणि मिळणारच असंही मी म्हणणार नाही. १९८८ च्या ईगन केसमधे तिकडच्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही. शंका राहिली तर निकाल देशाच्या बाजूने, माणसाच्या बाजूने नाही. पण तीच नियमावली असंही म्हणते की पूर्ण माणूस बघा, एकच गोष्ट धरून बसू नका. मग तुमच्या भावाच्या बाजूने काय मोजलं जाईल? थांबून किती काळ झाला. समुपदेशन घेतलं का, कर्जासाठी ना-नफा क्रेडिट काउन्सेलिंगवाले तिकडे असतात त्यांच्याकडे गेला का. आणि हप्ते बांधून घेऊन ते महिन्यामागून महिना खरंच भरतोय का. सगळं कर्ज फिटलेलंच पाहिजे असं नसतं, पण झेपेल असा प्लॅन आणि त्याप्रमाणे भरल्याच्या पावत्या लागतात, 'जॉब मिळाला की भरेन' याला तिथे काही किंमत नाही. मुदत उलटून गेली म्हणून आता बँक कोर्टात जाऊ शकत नाही, म्हणून गप्प बसलो, हेही चालत नाही. दिवाळखोरी कायदेशीर आहे पण तिने आपोआप सुटका होते असं नाही. आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट अशा हाताबाहेरच्या कारणांना ते सवलत देतात, जुगार त्यात बसत नाही, त्यामुळे त्याला स्वतःच्या वागण्यातूनच दाखवावं लागेल.

कसिनोत जाऊन मार्करवर, म्हणजे कसिनोनेच दिलेल्या उधारीवर खेळला होता का हे जरा विचारून घ्या, कारण नेवाडात तो मार्कर चेकसारखा धरतात आणि नाही भरला तर फौजदारी होते. तसं काही असेल तर ते सगळ्यात आधी मिटवायचं.

समुपदेशनाबद्दल थोडं जास्त बोलते कारण आपल्याकडची मुलं तिथेच अडतात, त्यांना वाटतं डॉक्टरकडे गेलो तर फॉर्मवर वेडा म्हणून नोंद होईल. उलट आहे. जुगाराचं व्यसन हा वैद्यकीय आजार म्हणून मान्य आहे आणि त्याच नियमावलीत आय नावाच्या गाईडलाईनमधे त्याची लक्षणं लिहिलीत, थांबायचा प्रयत्न करून न जमणं, हरलेलं भरून काढायला आणखी मोठी रक्कम लावणं, उसने घेणं, लपवणं. पण तिथेच असंही स्पष्ट लिहिलंय की फक्त समुपदेशन घेतलं म्हणून कोणाविरुद्ध मत बनवायचं नाही. उपचार घेऊन सावरलेला माणूस त्यांना चालतो. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका अमेरिकेत १९५७ पासून चालू आहेत, पैसे लागत नाहीत, गावोगाव असतात, तिथे त्याला पहिल्यांदा अशी माणसं भेटतील ज्यांच्यासमोर काही झाकावं लागत नाही.

आता बाबांचे पैसे. आपल्या घरांमधे हे किती वेळा बघितलंय मी, मुलगा अडकला की आई बांगड्या काढून देते, बहीण एफडी मोडते, घरातलं घरात मिटवलं म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि सहा महिन्यांत तोच मुलगा परत दारात. पैसे फिटले, नाद तसाच राहिला, आणि या खेपेला त्याला हेही कळलं की घरचे भरतात. भोक पडलेल्या टाकीत टँकरचं पाणी ओतल्यासारखं आहे ते. क्लिअरन्सच्या नजरेने बघितलं तरी फायदा कमीच, फॉर्मच्या तोंडावर घाईघाईने दुसऱ्याने भरलेलं कर्ज बघून अधिकारी म्हणणार बिल मिटलं, पण माणसाची सवय बदलली याचा पुरावा कुठाय. त्यात पैसे भारतातून गेलेले. तुम्ही, आई, बाबा, सगळ्यांची नावं तो फॉर्ममधे परदेशातले नातेवाईक म्हणून लिहिणारच आहे, तेव्हा इतकी मोठी रक्कम कुठून आली, कशासाठी आली, हा प्रश्न येणारच आणि उत्तर पुन्हा जुगारावरच येऊन थांबणार. परदेशात पैसे पाठवायची आरबीआयची जी योजना आहे, एलआरएस, तिच्याखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात हे खरं, कायद्याने अडवणारं कोणी नाही, पण पाठवता येतात म्हणून पाठवायचे असं नसतं. ते बाबांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत आणि ते द्यायचे की नाही हे बाबा ठरवतील, तुम्हीही नाही आणि तो तर नाहीच.

त्याला फोन करा आणि सांगा की मी तुझ्या पाठीशी आहे पण आधी वहिनीला सांग. हे पहिलं, बाकी सगळं नंतर. बायकोला कळलं की त्याच्यावर दबाव टाकायचं सगळ्यात मोठं हत्यारच निकामी होतं, आणि चौकशीवाल्यांना तो डोळ्यात डोळे घालून सांगू शकतो की माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मग मोबाईलमधली अ‍ॅप बंद, आणि ती कायदेशीर असल्यामुळे त्यांच्यात स्वतःलाच बंदी घालून घ्यायची सोय असते, सेल्फ-एक्सक्लूजन म्हणतात, ते करून त्याचा ईमेल जपून ठेवायचा. मग क्रेडिट काउन्सेलर, हप्ते, पावत्या, आणि फॉर्मवर खरं. क्लिअरन्सच्या केसेस करणारे वकील तिकडे असतात, फॉर्म सबमिट करायच्या आधी एकदा दाखवला तर बरं. समजा तरीही नकाराकडे गेलं तर आधी कारणं लेखी देतात, स्टेटमेंट ऑफ रीझन्स, कंत्राटी कंपनीच्या माणसाला त्याला शपथेवर उत्तर द्यायला २० दिवस मिळतात, न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, वर अपील असतं. अगदी नकारच आला तरी कंपनीच्या माणसाला एका वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो, आणि त्या वर्षात त्याने हप्ते भरलेले असतील तर ते वर्ष त्याच्या बाजूने बोलेल. आणि मिळाली तर पुढेही लक्षात ठेवायचं की दिवाळखोरी, १२० दिवस थकलेलं देणं हे आपणहून कळवायचं असतं, आणि टॉप सीक्रेट पातळीवर तर १० हजार डॉलर किंवा जास्त अचानक मिळाले, अगदी जिंकलेले असले, तरी तेही सांगावं लागतं.

तुम्ही हे सगळं एकटीने ओढताय. तुम्ही पण घरात कोणाशी तरी बोला.

प्रश्न: ताई, मी लालबागचा, वय २४. केंद्र सरकारच्या परीक्षेत पास झालोय, आता कागदपत्रं आणि व्हेरिफिकेशन बाकी आहे. ऑनलाईन रमीच्या नादात लोन अ‍ॅपवरून पैसे घेतलेत, अडीच लाखांच्या आसपास आहे, थोडं थोडं फेडतोय. आणि मागच्या वर्षी मित्राच्या रूमवर तीन पत्ती खेळताना धाड पडली होती, कोर्टात दंड भरून सुटलो. मित्र म्हणतात ते फॉर्ममधे लिहू नको, दंडच तर होता. घरी आईला यातलं काही माहीत नाही.
- लालबाग

उत्तर: अरे, लिही. आपल्याकडे अमेरिकेसारखा जुगाराचा वेगळा प्रश्न त्या अ‍ॅटेस्टेशन फॉर्ममधे नाही आणि कर्ज किती हेही विचारत नाहीत, पण कधी अटक झाली का, केस झाली का, कोर्टाने दंड केला का हे विचारतात. दंड हा शब्द तिथे आहे. तुझा दंड महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालचा असणार, तो लहान वाटतो, गिरणगावात मटक्याच्या काळापासून लोक असे दंड भरत आलेत आणि विसरून गेलेत, पण रेकॉर्ड विसरत नाही. फॉर्मच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की माहिती लपवली तर अपात्र. २०१६ ला सुप्रीम कोर्टाने अवतार सिंगच्या केसमधे यावर सविस्तर निकाल दिलाय, त्याचा अर्थ असा की खरं सांगितलं तरी खातं तुझी पार्श्वभूमी तपासून निर्णय घेऊ शकतं, नोकरी द्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि किरकोळ गोष्ट लपवली असेल तर ती माफ करायची मुभाही खात्याला आहे. मुभा आहे, तुझा हक्क नाही. मग किरकोळ प्रकरणासाठी खोटेपणाचा शिक्का कशाला घ्यायचा. कोर्टाच्या आदेशाची सर्टिफाईड कॉपी काढ, दंडाची पावती जोड, दोन ओळीत जे झालं ते लिही.

कर्जाचं म्हणशील तर जॉइन झाल्यावर तुला १९६४ चे सीसीएस कंडक्ट रूल्स, म्हणजे केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठीचे वागणुकीचे नियम, लागतील. त्यातला १७ नंबरचा नियम सांगतो की कर्मचाऱ्याने कायम कर्जबाजारी राहायचं नाही, आणि वसुलीसाठी कोणी कोर्टात गेलं तर लगेच खात्याला कळवायचं. १६ नंबरच्या नियमात शेअर्सची सट्टेबाजी पण मना आहे, हे आत्ताच सांगते कारण रमी सुटली की मुलं ऑप्शन ट्रेडिंगकडे वळतात, तू वळू नकोस. बँकेची परीक्षा देत असशील तर तिथे सिबिल बघतात, थकलेल्या हप्त्यांवरून निवड रद्द झालेली आहे आणि २०२५ मधे मद्रास हायकोर्टाने ते बरोबर ठरवलंय.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली, त्यात शिक्षा गेम चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे रमीची भीती मनातून काढ. पण अ‍ॅपचं कर्ज त्याने माफ झालं नाही, ते तुझंच आहे. सगळ्या अ‍ॅपची नावं, घेतलेली रक्कम, भरलेली रक्कम एका कागदावर काढ. ज्या अ‍ॅपच्या मागे आरबीआयकडे नोंद असलेली बँक किंवा फायनान्स कंपनी नाही आणि जे आईच्या नंबरवर फोन करायची धमकी देतात त्यांची तक्रार १९३० वर सायबरला कर. धमकीवाल्यांच्या आधी आईला तुझ्याकडून कळू दे.

प्रश्न: माझे मिस्टर क्रिकेटच्या सट्ट्यात हरले. बुकीची माणसं कांदिवलीला घरी येऊन बसतात, म्हणतात कोरे चेक द्या नाहीतर सोनं द्या. कायद्याने हे पैसे द्यावेच लागतात का?
- एक गृहिणी

उत्तर: नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, त्यासाठी कोर्टात दावा चालत नाही. आपल्याकडे तर मुंबई प्रांताचा १८६५ चा कायदा त्याच्याही पुढे जातो, पैजेला पूरक म्हणून केलेले इतर व्यवहारही त्यात रद्दबातल ठरतात. बँकेकडून किंवा नातेवाइकांकडून घेतलेले साधे कर्ज मात्र यात येत नाही, ते द्यावं लागेल. बुकीने दुसऱ्या कोणाच्या नावाने व्याजी पैसे दिल्याचं दाखवलं तर त्या माणसाचं सावकारीचं लायसन्स मागा, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली बिनालायसन्स सावकारी गुन्हा आहे.

माणसं परत आली की दार उघडू नका, ११२ ला फोन करा, सोसायटीच्या वॉचमनला आणि सेक्रेटरीला सांगून ठेवा, सीसीटीव्हीचं फुटेज मागून ठेवा. सोनं देऊ नका, कशावर सही करू नका. कोरा चेक तर अजिबात नाही, कारण एकदा चेक त्यांच्या हातात गेला की तो खऱ्या देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं आणि तो जुगाराचा होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. मिस्टरांनी आधीच दिलेला असेल तर तारीख, नंबर लिहून ठेवा, बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. चेक परत गेल्याची नोटीस आली तर हातात पडल्यापासून १५ दिवस असतात, त्याच्या आत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे. मिस्टर स्वतः बोलायला तयार असतील तर टेली-मानसचा १४४१६ नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.